अर्ध्या तासाचं पाणी

जूनपासून गिझर बंद.
मग सगळं उलटं व्हायचं:
लाल खुणेच्या नळाला गार पाणी,
निळ्याला गच्चीवरच्या टाकीतलं, चहापत्ती टाकावी असं.
खोलीत नवा माणूस आला की आम्ही सांगायचो नाही.
मोनीर निळ्या नळाखाली ओरडला होता,
मीही, त्याच्या आदल्या वर्षी.

इब्रीच्या पलीकडं, वाळू सुरू व्हायच्या अलीकडं
मी विहिरींचे पंप दुरुस्त करायचो.
पान्याला फडकं गुंडाळायचं,
स्टिअरिंगवर ओला टॉवेल.
दुपारी साडेबारानंतर सावलीत बसा, असा सरकारचा कायदा;
पण सावलीलाही ताप असायचा.
एसीच्या नळीतून थेंब गळायचे,
त्यांच्याखाली बुलबुल चोच उघडून बारी लावायचे,
न भांडता.
भांडायला अंगात ओल लागते.

पाऊस नसल्याचं ते चौथं वर्ष.
मोजायला मला कॅलेंडर लागलं नाही.
मी म्हसवडकडचा. आमच्यात वय असंच सांगतात:
थोरली बहीण सुकडीच्या वर्षाची, मी टँकरच्या.
आई रांगेत घागर ठेवायची नाही, दगड ठेवायची.
घागर चोरीला जाते.
तो दगड सगळा गाव ओळखायचा.

खलफान म्हणजे तिथला पाटकरी.
ऐंशीच्या पुढचा, एका डोळ्यात मोतीबिंदू,
काखेत तेलकट कोपऱ्यांची वही.
डोंगराच्या पोटातून गावात फलज यायचा,
हातभर रुंद पाट,
आणि कुणाला किती अथर, कुणानंतर कोण
हे तो दिवसा काठीच्या सावलीवर ठरवायचा, रात्री ताऱ्यांवर.
एक अथर म्हणजे अर्धा तास.
त्या वर्षी पाटात चिखलसुद्धा नव्हता.
शेवाळाच्या पापड्या, खजुराच्या बिया, एका पोराची चप्पल.
तरी खलफान रोज यायचा,
सावली बघायचा, हाक द्यायचा:
नासिरची बारी संपली. आता मरियम.
मरियम टँकरवाल्याला फोन लावता लावता
दारातूनच हात वर करायची.
पोचलं.

मी मोडक्या अरबीत विचारलं, बाबा, पाणी कुठंय?
म्हणाला, पाणी जातं.
बारी मोडली, तर परत आल्यावर ते कुणाकडं जाईल?

मशिदीच्या विहिरीत पंप मी बसवला. मजुरी घेतली नाही.
पाणी आलं, खारं.
खलफाननं चूळ भरली, थुंकली,
तोंड पुसलं आणि वही काढली.
नाव?
पोपट.
अरबीत प नाही.
वहीत मी बोबट झालो.
दर आठव्या रात्री एक अथर,
बनात नअश डोंगराला टेकली की माझा.
त्यांच्यात तो जनाजा, मागून रडत जाणाऱ्या तीन मुली.
आमच्यात म्हातारीचं बाजलं आणि तीन चोर.
तारे तेच सात.

सातबाऱ्यावर गुंठाभर नाव नसलेला मी
परमुलखात अर्ध्या तासाच्या पाण्याचा मालक झालो.
नसलेल्या पाण्याचा.
त्या रात्री गच्चीवर, तापलेल्या फरशीवर चादर भिजवून
मी हिशोब करत बसलो की अर्ध्या तासात काय काय भिजेल.
लिंबाची दोन झाडं. एक वाफा मेथीचा.
आईचा दगड.

सुहैल उगवायच्या आत व्हिसा संपला.
पुढं फलज वाहिला का, ठाऊक नाही.
मोनीरचा नंबर लागत नाही.
इथं आमच्या न्हाणीत एकच नळ आहे,
त्याला कसलीच खूण नाही,
तरी उन्हाळ्यात हात आधी डावीकडं जातो.

आणि आठव्या रात्री जाग येते.
अंगणात जाऊन उभा राहतो.
बायको म्हणते, आत या, डास फोडून काढतील.
थांब, म्हणतो,
अजून पाच मिनिटं आहेत माझी.